'अपसेट'ला जर्मनमध्ये काय म्हणतात

मला राग फार लवकर येतो, आणि गंमत अशी की माझं पोट आजवर दुसऱ्यांच्या रागावर भरलं. पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात मी बरीच वर्षं जर्मन भाषांतरकार म्हणून नोकरी केली. कामाला घेताना सांगितलं होतं की मशिनची माहितीपत्रकं भाषांतरित करायची. ती केलीही. पण माहितीपत्रक एकदा झालं की झालं. भांडणं मात्र रोज ताजी असायची. इथले साहेब इंग्रजीत चिडायचे, तिकडचे साहेब जर्मनमध्ये चिडायचे, आणि दोघांच्या मधे मी. इकडचा राग आहे तेवढाच तिकडे पोचवायचा, वाटेत सांडायचा नाही आणि त्यात पदरची भरही घालायची नाही. स्वतःच्या रागाला त्या काळात फार वेळ मिळाला नाही, हे माझ्या घरच्यांचं नशीब.

इंग्रजीत रागाला शब्द काही कमी नाहीत. अनॉइड आहे, अँग्री आहे, फ्युरिअस आहे, आउटरेज्ड आहे. पण आपल्याकडच्या ऑफिसात यातला एकही फारसा चालत नाही. चालतो तो 'अपसेट'. पोट अपसेट असतं, क्लायंट अपसेट असतो, साहेब अपसेट असतात, आणि साहेब का अपसेट आहेत हे न कळल्यामुळे खालचे सगळे अपसेट असतात. मोठा सोयीचा शब्द आहे. रुसलेला, दुखावलेला, घाबरलेला, भडकलेला, सगळे त्यात मावतात आणि कोणालाच नक्की काय झालंय ते सांगावं लागत नाही.

जर्मनमध्ये ही सोय नाही. तिथे आधी ठरवावं लागतं. माणूस नुसता नाराज असेल तर 'फेरएर्गर्ट', दुखावला असेल तर 'गेक्रेंक्ट', खवळला असेल तर 'व्यूटेन्ट'. आणि काहीतरी घोर अन्यायाचं घडलंय म्हणून जी चीड येते तिला आणखी वेगळा शब्द, 'एम्प्योर्ट'. मी नवीन असताना आमच्या एका मॅनेजरांनी लिहिलं की सुटे भाग चुकीचे आल्यामुळे आम्ही 'एक्स्ट्रीमली अपसेट' आहोत. मी ते 'एक्स्ट्रीमली' बघितलं आणि सरळ वरच्या फळीवरचा 'एम्प्योर्ट' काढून पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी जर्मनीहून त्यांच्या मोठ्या साहेबांचा फोन, की आमच्या हातून असं काय अक्षम्य घडलं? मॅनेजर तेव्हा कँटीनमध्ये पोहे खात होते. मला म्हणाले, "अहो, तसं काही नाही हो. एक्स्ट्रीमली घातल्याशिवाय मेल लिहिल्यासारखं वाटत नाही."

तेव्हापासून मी माझी एक रीत पाडली. मेल वाचायची, डोळे मिटायचे आणि बघायचं की लिहिणारा माणूस आत्ता कुठे आहे. खुर्चीत बसलाय? खुर्चीतून उठलाय? की दार आपटून बाहेर गेलाय? बसलेल्या रागाला एक शब्द, उभ्या रागाला दुसरा, दाराबाहेरच्या रागाला तिसरा. कुठल्या कोशात ही रीत सापडायची नाही, पण माझी नोकरी तिच्यावर निभावली. त्यातही आपली मंडळी 'एक्स्ट्रीमली' लिहून निवांत बसलेली असत, आणि जर्मन माणूस 'आम्ही पूर्णपणे समाधानी नाही' एवढंच लिहून केव्हाच दाराबाहेर गेलेला असे.

नोकरी संपल्यावर आम्ही जवळच्याच नांदे गावात राहायला आलो. आमच्या इमारतीसमोर अजून भाताची काही खाचरं शिल्लक आहेत, तीही किती दिवस कोण जाणे. घरी बसून नवऱ्यावर चिडचिड करण्यापेक्षा बरं, म्हणून मी पौडला शनिवार-रविवार जर्मनचा वर्ग सुरू केला. जास्त बरं कोणाला वाटलं ते नवऱ्यालाच विचारा. जागा म्हणजे एसटी स्टँडजवळ औषधाच्या दुकानावरची एक खोली. येणाऱ्या बहुतेक नर्स. जर्मनीत नर्स कमी पडताहेत, आपल्या मुलींना तिकडे जायचंय, आणि जाण्याआधी भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. बिचाऱ्या ड्यूटी करून येतात. आधी जांभया, मग चहा, मग जर्मन, असा आमचा क्रम.

त्यात ती होती. तिशीच्या आसपासची, माहेर कोळवण खोऱ्यातलं, सासर आमच्या नांद्याजवळच, पुण्याच्या बाजूला एका दवाखान्यात आयसीयूत नर्स. शब्द एकदा सांगितला की परत विचारत नसे. रागाचा पाठ आला तेव्हा मी वर्गाला सांगितलं की दवाखान्याच्या नोंदीत तुम्ही 'पेशंट अपसेट' लिहून मोकळ्या होता, ते तिकडे चालणार नाही. पुढच्या पाळीच्या नर्सला कळलं पाहिजे की पेशंट रडतोय, घाबरलाय, की ताट फेकणार आहे. या कामात ती पटाईत निघाली. "त्यो आजोबा औषध नको म्हनत्यात, पर रागानं न्हाई, मॅडम. मुलगा भेटाया आला न्हाई म्हनून," असं सांगायची आणि बरोबर 'गेक्रेंक्ट'वर बोट ठेवायची. दुसऱ्याचा राग तिला दाराबाहेरूनही ओळखता येत होता.

स्वतःची वेळ आली की गाडी अडायची. परीक्षेत तक्रारीचं पत्र हमखास येतं, म्हणून मी विषय दिला: जर्मनीतल्या तुमच्या खोलीतली हीटिंग बंद पडली आहे, बाहेर बर्फ आहे, घरमालक लक्ष देत नाही, त्याला लिहा. बाकीच्यांनी भांडायला मिळतंय म्हणून हौसेने लिहिलं. तिच्या पत्रात आधी घरमालकाच्या आईच्या तब्येतीची चौकशी. मग, हीटिंग जरा बंद आहे, पण माझ्याकडे स्वेटर आहे. मग, तुम्ही कामात असाल याची मला कल्पना आहे. शेवटी, सवडीने बघितलंत तरी चालेल, आणि त्रास दिल्याबद्दल माफी.

"अगं, ही तक्रार आहे की हळदीकुंकवाचं बोलावणं?" मी म्हटलं. वर्ग हसला, तीही हसली.

"पर मॅडम, पयल्याच पत्रात कसं भांडायचं? त्याच्याच घरात ऱ्हातोय आपन."

ती भित्री होती असं नाही. डॉक्टरने डोस चुकीचा लिहिला तर ती तोंडावर सांगते, हे मला तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं. तिची वाक्यं तपासता तपासता मला एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या मुळशीत 'लई' सढळ हाताने वापरतात. पाऊस लई, गर्दी लई, सासू लई तापट. दुसऱ्याचा राग नेहमी 'लई' असतो. स्वतःचा राग सांगायचा झाला की तोच माणूस 'थोडं'वर येतो, बायका तर हटकून. 'मला थोडं वाईट वाटलं.' 'मी थोडी बोलले त्यांना.' ते 'थोडं' तिने जसंच्या तसं जर्मनमध्ये नेलं होतं. तिकडे त्याला 'आइन बिसशेन' म्हणतात, आणि तिच्या रागाच्या प्रत्येक शब्दाआधी ते होतंच. थोडीशी खवळलेली. थोडीशी संतापाने बेभान. बाई गं, बेभान थोडंसं होता येत नाही, असं मी लाल शाईने लिहिलं.

मग एका शनिवारी तोंडी सराव घेतला. सध्या ज्याचा राग आलाय अशी एक खरी गोष्ट सांगायची आणि शब्द नेमका निवडायचा. आमच्या पुस्तकात अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळे आधी इंग्रजी शब्द, त्यावरून जर्मन, आणि मराठी आपापल्या मनात. एकीचा राग फाट्यावर न थांबणाऱ्या एसटीवर होता. ती उठून उभी राहिली आणि अशी व्यूटेन्ट झाली की मी तिला पूर्ण मार्क दिले. एकीचा राग जाऊबाईवर होता. तो बराच वेळ चालला, शेवटी थांबवावा लागला.

तिची पाळी आली. "इश बिन आइन बिसशेन झाउअर," ती म्हणाली. झाउअर म्हणजे आंबट. रोजच्या बोलण्यात जर्मन माणूस चिडला की आंबट होतो. मी थोडीशी आंबटले आहे, असं ती सांगत होती.

कोणावर, मी जर्मनमध्ये विचारलं. भावावर, ती म्हणाली. वडील वारले. भाताचं शेत आहे. भाऊ ते शहरातल्या माणसाला विकतो आहे. मला बुधवारी पौडला सही करायची आहे. लहान लहान वाक्यं, एकही चूक नाही.

मी खडू खाली ठेवला आणि मराठीवर आले. "कसली सही?"

"हक्कसोड, मॅडम."

वर्गात कोणालाच समजावून सांगावं लागलं नाही. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहीण अशी सगळ्यांची नावं लागतात. विकत घेणाऱ्याला व्यवहार सुटसुटीत हवा असतो. मग आई आणि बहीण आपापला हिस्सा भावाला सोडून देतात, कचेरीत जाऊन तसा दस्त करतात, आणि भाऊ बहिणीला साडी घेतो. आमच्याकडे हे इतकं रुळलंय की लग्नाच्या विधीसारखं ते होऊन जातं. कोळवणच्या खोऱ्यात शहरातल्या लोकांची फार्महाउस जिथे जिथे उभी आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या आधी कोणीतरी साडी नेसून पौडला आलेली असणार.

"आमच्यात समद्याच करत्यात," जाऊबाईवाली म्हणाली. "मी बी केलीया. साडी चांगली घेतली हुती भावानं."

"मग तू आंबट का?" मी तिला विचारलं.

"त्येच सांगता येईना," ती म्हणाली आणि खाली बसली.

वर्ग सुटल्यावर स्टँडवर तिच्या गाडीची वाट बघत आम्ही दोघींनी चहा घेतला. मी अर्थातच तापलेली. कायदा काय म्हणतो, मुलीचा हिस्सा मुलाइतकाच कसा, सगळं मी एका दमात ऐकवलं आणि सही करू नकोस म्हणून सांगून टाकलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. पेशंटच्या नातेवाइकांचं ती असंच ऐकून घेत असणार.

"तुमाला सोपं हाय, मॅडम," ती म्हणाली. "दादा वाईट न्हाई. नर्सिंगला मला त्यानंच घातली. रोज सकाळी गाडीवर फाट्यापतुर सोडायचा, पावसात बी. आता मी सही न्हाई केली तर त्यो भांडनार न्हाई. निस्ता बोलायचा बंद हुईल. दिवाळीला बोलावनं येनार न्हाई. आई त्याच्याजवळ ऱ्हाती, मंग आईला भेटायचं कुटं? माहेर तुटतं, मॅडम. आमच्या गावात तुटलेल्या हायेत."

"आणि सही केलीस तर?"

"केली तर समदं हाय तसं ऱ्हातंय."

"आणि तू?"

"मी जर्मनीला जाते की," म्हणाली आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही.

"तुला शेत हवंय का?"

"न्हाई वो. तिकडं ऱ्हाऊन मी काय हितं भात लावनार हाय?"

"मग राग कसला?"

"राग हाय ह्ये कळतंय," ती म्हणाली. "कसला, ते घावंना. ते घावलं आसतं तर दादाशी बोलले आसते."

हे मात्र माझ्या धंद्यातलं काम होतं. राग आहे पण कोणत्या प्रतीचा ते ठरत नाही, हे कोडं मी जन्मभर सोडवत आले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, वर्ग संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं आणि आम्ही एकेक शब्द घालून बघितला. आधी 'एन्टटॉइश्ट', अपेक्षाभंग झालेली. "न्हाई. दादा आसंच करंल ह्ये म्हाईत हुतं मला." 'गेक्रेंक्ट', दुखावलेली. "ह्यो रुसव्याचा हाय. मी रुसले न्हाई." 'व्यूटेन्ट'. तिने मान हलवली. घरात आजवर कधी भांडंही आपटलं नव्हतं तिने. 'एम्प्योर्ट'पाशी ती थबकली, दोनदा पुटपुटून बघितला. "ह्ये मोर्चातल्या लोकांचं वाटतंय," म्हणाली. "घरच्या मान्सासाठी लई मोटं हुतंय." इंग्रजीतून गेलो, मराठीतून परत आलो. संताप झाला, चीड झाली, त्रागा झाला. धुसफूस म्हटल्यावर मात्र ती खळखळून हसली. ती तिच्या सासूची होती.

शेवटी मी तिला माझी जुनी रीत सांगितली. "डोळे मीट आणि बघ. त्या कचेरीत तू बसलीयेस, उठलीयेस, की बाहेर निघून गेलीयेस?"

तिने खरंच डोळे मिटले. खाली स्टँडवर कोणीतरी मुलाला हाका मारत होतं.

"मॅडम, मी दिसतच न्हाई तितं," ती म्हणाली. "दादा दिसतोय. वकील दिसतोय. घेनारा बी दिसतोय. मी न्हाई."

मी फळा पुसला. ती पर्स उचलून निघाली आणि दारातून मागे वळून म्हणाली, "बुधवारी तुमी याल का? काय बोलू नका. निस्तं बसा."

बुधवारी मी गेले. नोंदणीची कचेरी माझ्या वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेर पत्र्याच्या शेडखाली वकिलांची आणि दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं, आणि प्रत्येक टेबलाभोवती एकेक कुटुंब चांगल्या कपड्यांत उभं. तिचा दादा मला बघून लगबगीने पुढे आला. माझ्यासाठी खुर्ची आणली, चहा मागवला. मला त्याच्यावर चिडायचं होतं आणि त्याने तेवढी जागाच ठेवली नाही.

"मॅडम, तिकडं थंडी लई आसती म्हनं," तो म्हणाला. "हिला सर्दी लगीच हुती. तुमी जरा सांगा तिला, सोताकडं बघत जा म्हनून."

आई बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. बारीक चणीची, कमी बोलणारी. कोणी काही विचारलं की आधी मुलाकडे बघायची. तिच्या शेजारी ही, दादाने घेतलेली नवी जांभळी साडी नेसून. छान दिसत होती, आणि ते दिसल्याचाही मला राग आला.

वकिलाने पानं उलटत बोट ठेवायला सुरुवात केली. इथं, इथं, आणि इथं. आईने सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सह्या केल्या. मग हिने केल्या. दवाखान्यात सह्या करून हात बसलेला, त्यामुळे पानामागून पान, कुठेही न अडखळता. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. मी त्या आणलेल्या खुर्चीत बसून आतल्या आत फणफणत होते. संपलं, म्हटलं. शब्द सापडायच्या आधीच काम आटोपलं.

आत फोटो आणि अंगठा राहिला होता. दार उघडंच होतं, मी उंबऱ्याशी उभी राहिले. नोंदणीचे साहेब तरुण होते. दिवसभर तेच ते विचारून त्यांचा आवाज सपाट झाला होता. आधी आईला समोर बसवलं. "आजी, दस्त वाचून दाखवलाय ना? तुमचा हिस्सा मुलाला सोडताय. राजीखुशीनं ना? कुणाचा दबाव नाही ना?"

आईने दादाकडे बघितलं. "व्हय," म्हणाली. फोटो झाला. अंगठा यंत्रावर उमटेना, तेव्हा पदराला पुसून पुन्हा टेकवायला लावला, मग उमटला. आई उठून भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसली.

मग ही समोर बसली. साहेबांनी पडद्यावरून नजर न काढता तेच विचारलं. हिस्सा भावाला सोडताय, राजीखुशीनं ना?

तिने साहेबांकडे बघितलं. साहेबांना वाटलं तिला ऐकू गेलं नसावं. त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं, "ताई, तुमच्या खुशीनं सोडताय ना?"

"न्हाई," ती म्हणाली.

आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. पेशंटचं बीपी किती आहे ते सांगावं, तसं तिने सांगितलं. वकील दारातून आत डोकावला. दादा हसला, आधी वकिलाकडे बघून, मग साहेबांकडे.

"वडलांची आठवन येतीया तिला, सायेब," तो म्हणाला. "हळवी झालीया जरा. तुमी घ्या फोटो."

इतकी वर्षं मी भाषांतरं केली, पण इतकं सफाईदार भाषांतर मला कधी जमलं नव्हतं. त्याने तिच्या रागाचं उभ्या उभ्या दुःख करून टाकलं होतं, आणि तेही मायेने. साहेबांना ते पटलंही. त्यांचा हात पुन्हा माउसकडे गेला.

"मी रडत न्हाई, दादा," ती म्हणाली. "मला राग आलाय."

"कुनाचा? माझा?" त्याला खरंच लागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

"तू साडी इचारून घेतलीस. जांभळी पायजे का हिरवी, म्हनून दुकानातनं फोन केलास. शेताचं न्हाई इचारलंस. कुनीच न्हाई इचारलं. तू इचारलं आसतंस तर मी कवाच सोडलं आसतं. आज पयल्यांदा ह्या सायबांनी इचारलं, म्हनून सांगते. खुशीनं न्हाई."

साहेबांनी माउसवरचा हात काढला. "मग हा दस्त आज होणार नाही," ते म्हणाले. "घरी बसून बोला. ठरलं की या." त्यांनी हे अगदी नीट, आवाज न चढवता सांगितलं. दादा खाली फरशीकडे बघत राहिला. तो भांडला नाही. तिने सांगितलं होतं तसंच. आता इथून निघाल्यावर गाडीत कोणी बोलणार नाही, घरी कोणी बोलणार नाही, दिवाळी येईल आणि फोन वाजणार नाही, हे मला दिसत होतं, आणि तिलाही दिसत असणार. मला तिचा अभिमान वाटला आणि तिच्यासाठी भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

साहेब पुढच्या कुटुंबाला बोलवायला शिपायाकडे वळले. तेवढ्यात भिंतीजवळच्या बाकावरून आवाज आला.

"सायेब," आई म्हणाली. या वेळी तिने दादाकडे बघितलं नाही. "मगाशी इचारलं तवा मी निस्तं व्हय म्हनले. मला पुन्यांदा इचारा."